दोन्ही हात गुंतलेले

आधीच सांगून टाकतो. किल्टच्या आत काय असतं, हे या गोष्टीत कुठेही येणार नाही. तेवढ्यासाठी बसला असाल तर उठा आणि आपापल्या कामाला लागा. ज्यांना हक्काने ठाऊक आहे अशी माणसं दोनच, मी आणि माझी बायको इशबेल. बाकीच्यांना ठाऊक झालं ते कसं झालं, त्याचीच ही गोष्ट आहे.

मी फार्कर मॅकव्हिकर. स्कॉटलंडात ओबानच्या वरच्या अंगाला खाडीकाठी आमचं गाव आहे. आठवडाभर मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि शनिवारी काठावरच्या हॉटेलात लग्न असलं की बॅगपाईप वाजवतो. हे काम वडिलांकडून आलं. किल्टही त्यांचाच, म्हणजे आमच्याकडच्या पुरुषांचा घागरा. हिरव्या-निळ्या चौकडीची जाड लोकर, मागे मिऱ्याच मिऱ्या, आणि गुडघ्याच्या मध्यावर नेमकी येऊन थांबणारी कड. बाबा गेले तेव्हा भावाने बोट घेतली आणि मी किल्ट घेतला. आपण फायद्यात राहिलो असं भावाला अजून वाटतं.

किल्ट घालून घराबाहेर पाऊल टाकलं की प्रश्न येतोच, 'आत काय घातलंय हो?' आणि विचारणाऱ्याला दर वेळी वाटतं, हा विनोद जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. टपालाच्या रांगेत विचारतात. मयतावर वाजवून परत येताना विचारतात. एकदा दातांच्या डॉक्टरने विचारलं, त्याचा हात माझ्या तोंडात असताना. बाबांकडे याची ठरलेली उत्तरं होती. 'तुमच्या विजारीत असतं तेच, फक्त आमच्याकडे हवा खेळती.' लोक हसायचे, बाबाही हसायचे. मी तीच उत्तरं पुढे चालवली. प्रश्नाचं माझं काही म्हणणं नाही, प्रश्न कानाने ऐकून सोडून देता येतो.

भानगड आहे ती हातांची. बॅगपाईप वाजवताना पिशवी डाव्या काखेत दाबलेली असते, फुंकायची नळी दातांत असते आणि दोन्ही हातांची बोटं सुरांच्या भोकांवर. एक बोट उचललं तर सूर जातो, काख ढिली पडली तर सगळंच जातं. म्हणजे तोंड बंद, हात बंद, आणि वर चालत राहायचं. लोकांना हे बरोबर कळतं. एरवी ज्या बायका माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलणार नाहीत, त्या दोन ग्लास पोटात गेले की मागून येऊन किल्टची कड उचलतात. पुरुषही उचलतात. फरक इतकाच, की ते नंतर पाठीवर थाप मारतात, जणू काही माझ्यावर उपकार केले.

थांबायचीही सोय नाही. आमच्याकडे नवरा-नवरीच्या पुढे वाजवत चालताना सुरांची चाल मध्येच सोडणं अशुभ मानतात. सुटलीच, तर सुटली तिथून उचलायची नाही. सगळी वरात दारापर्यंत मागे न्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. बाबांनी जन्मात चाल सोडली नाही. मीही सोडली नव्हती. त्यामुळे लोक उचलायचे आणि मी वाजवत राहायचो.

जूनमधल्या एका लग्नात एका पाहुणीने कड उचलली आणि तिच्या मैत्रिणीने खाली फोन घालून फोटो काढला. मला पत्ताच नाही. मंगळवारी पाव आणायला गेलो तर दुकानातल्या दोन पोरींनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मान खाली घालून पाव मोजायला लागल्या. धक्क्यावर गेलो तर ज्याच्या बोटीचं इंजिन मी उघडून बसलो होतो, तो विनाकारण खोकायला लागला. संध्याकाळी भावाचा फोन आला. त्याला हसू आवरत नव्हतं. "अरे, तू तर गावभर झालास," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि खरं सांगायचं तर नुसता राग नव्हता, लाज वाटली. काही न करता लाज वाटली, याचा पुन्हा वेगळा राग आला.

घरी येऊन मी किल्ट काढला आणि खुर्चीवर टाकला. इशबेल बटाटे सोलत होती. ती त्याच हॉटेलात वाढप्यांची मुख्य आहे, तिला सगळं आधीच कळलेलं होतं.

"हा आता पेटीत जाणार," मी म्हणालो. "मी आयुष्यात पुन्हा घालणार नाही."

"बरं."

"नुसतं बरं काय?"

"मग काय ओवाळू?" तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "फार्कर, मी या हॉटेलात लागले तेव्हा अठरा वर्षांची होते. सूपच्या वाट्यांनी भरलेला ट्रे घेऊन टेबलांमधून जायचं. दोन्ही हात ट्रेला. मग कुणाचा हात कुठून यायचा ते तुला सांगत बसत नाही. तेव्हाचा मॅनेजर म्हणायचा, हसून सोडून द्यावं, गिऱ्हाईक आहे."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. "मग तू काय केलंस?"

"एक दिवस सोडून दिला."

"हसून?"

"ट्रे सोडून दिला. ज्याचा हात होता त्याच्या मांडीवर. लीकच्या कांदापातीचं सूप होतं, चांगलं वाफाळलेलं."

"आणि नोकरी?"

"तोच मॅनेजर ओरडला, मी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तेव्हापासून मी आले की सगळे हात टेबलावर दिसायला लागले."

"माझ्या हातात सूप नसतं, इशबेल."

"ते मलाही दिसतं. घाल पेटीत. ज्यांनी उचलला त्या पुढच्या लग्नात नाचतील आणि तू घरी बसून बटाटे सोल. मला तेवढीच मदत."

बायकोशी वाद घालण्यात अर्थ नसतो, त्यामुळे मी हॉटेलच्या मॅनेजरशी घालायला गेलो. हा नवा मॅनेजर, ग्रेगर टेलफर, वयाने माझ्या निम्मा आणि बोलायला तुपासारखा.

"पुढच्या वेळेपासून मी विजार घालून वाजवीन," मी सांगितलं. "चौकडीचीच घालतो. दिसायला काही कमी पडणार नाही."

"फार्कर, तुमची अडचण मला समजते. पण पाहुण्यांना किल्टच हवा असतो. विजारीतला पाईपवाला म्हणजे लोकांना बँडवाला वाटतो."

"आणि त्यांचे हात?"

"तेवढं कौतुक म्हणून घ्या हो. तुमच्या वयात मला कुणी विचारलं तर मी खूश होईन. फारच वाटत असेल तर आतून एखादी चड्डी घालत जा."

"म्हणजे मी आत काय घालायचं ते आता तू ठरवणार?"

"तसं नाही. पण किल्ट नको असेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघ," मी म्हणालो.

एकच अडचण होती. ऑगस्टमध्ये रोनाचं लग्न होतं. रोना आमच्या शेजारच्या टॉर्मडची मुलगी. तिचे आजोबा कोळी होते, खाडीतून परत येताना एक चाल शिट्टीवर वाजवत यायचे, आणि तीच चाल मी तिच्या लग्नात वाजवायची असं तिने शाळेत असल्यापासून ठरवलेलं. शब्द दिला होता, मोडता येत नव्हता. तर रोनाच्या लग्नात शेवटचा घालायचा आणि मग पेटीत, असं मी ठरवलं. इशबेलने माळ्यावरून पेटी खाली आणली आणि आत डांबराच्या गोळ्या टाकल्या. तो वास घरभर पसरला. जेवताना मला दुसरं काही लागेना.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारातच नवऱ्याची आत्या भेटली. मिसेस पेटिग्रू, एडिंबराच्या. बाई मोठ्या मनाची. सगळ्यांना पिशवीतून पेपरमिंट काढून देत होती, रडणाऱ्या पोराला कडेवर घेत होती. मलाही पेपरमिंट दिलं आणि डोळा मिचकावून म्हणाली, "आता सांगा बघू, आत काय आहे?"

मी बाबांचं उत्तर दिलं, खेळत्या हवेचं. ती पोट धरून हसली. बाई वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

हॉटेलात जेवणाच्या वेळी रीत अशी असते. पाहुणे आपापल्या टेबलापाशी उभे राहतात. दार उघडतं, पाईपवाला पुढे, त्याच्यामागे नवरा-नवरी आणि घरची माणसं. तो चालत मुख्य टेबलापर्यंत जातो, सगळे तालावर टाळ्या वाजवतात, आणि त्याची चाल संपेपर्यंत दालनात कुणीही बसत नाही. लेकुरवाळी बाई बसत नाही, काठी टेकलेला म्हातारा बसत नाही. आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही.

दार उघडलं. मी पिशवी भरली, नळ्या घुमायला लागल्या, आणि रोनाच्या आजोबांची चाल सुरू केली. मागून रोनाने हुंदका दिलेला मला ऐकू आला. इशबेल स्वयंपाकघराच्या दाराशी ट्रे घेऊन उभी होती, तिच्यामागे वाढणाऱ्या पोरींची रांग. शेवटचंच वाजवतोय म्हटल्यावर बोटं अशी पडत होती, की बाबा असते तर मान हलवली असती.

अर्ध्या वाटेवर मला मागून गार हवा लागली. कुठे लागली ते सांगणार नाही.

डावीकडच्या टेबलांवर हशा पिकला. मी चालत राहिलो, सवयच होती. मग खाली जमिनीवर, माझ्या दोन बुटांच्या मधोमध, फोनचा पांढरा उजेड पडला. आणि मला एकदम त्या पावाच्या दुकानातल्या दोघी दिसल्या, मान खाली घालून पाव मोजणाऱ्या.

मी काख उघडली.

पिशवीतली हवा एकदम सुटली की नळ्या अडलेल्या गायीसारख्या हंबरतात. तसा आवाज झाला आणि विझत विझत थांबला. टाळ्या दोन-तीन पडल्या, मग त्याही थांबल्या. मी वळलो. मिसेस पेटिग्रूच्या एका हातात माझ्या वडिलांच्या किल्टची कड होती आणि दुसऱ्या हातात फोन. तिच्या मागे रोना आणि तिचा नवरा. भोवती सगळं लग्न उभं.

"सोडा ते," मी म्हणालो.

तिने कड सोडली. "अहो, गंमत केली. वाजवा, वाजवा."

"मला गंमत आली नाही."

टेलफर भिंतीकडेने धावत आला. "फार्कर, पुढे चला. नंतर बोलू. सूप थंड होतंय."

"सूपचं मी बघते," इशबेल मागून म्हणाली.

मिसेस पेटिग्रू लाल झाली होती. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? किल्ट घातलाय म्हटल्यावर लोक थट्टा करणारच ना."

"किल्ट घातलाय," मी म्हणालो. "वर केलेला नाही. तुमच्या अंगावर हा सुंदर निळा झगा आहे, बाई. मी त्याला हात लावला का? तुमचे दोन्ही हात पेपरमिंटच्या पिशवीत होते तेव्हा लावू शकलो असतो. मग इथल्या पुरुषांनी मला खिडकीतून खाडीत फेकलं असतं आणि बरं केलं असतं."

"पण तुम्ही बाप्ये. तुम्हाला काय फरक पडतो?"

"पडतो," मी म्हणालो. "मला पडतो."

एवढंच म्हणालो, पण आवाज फुटला. पन्नाशीच्या माणसाचा आवाज भर लग्नात फुटला की लोक बुटांकडे बघायला लागतात. कुणी हसलं नाही. मागच्या टेबलावरचा एक म्हातारा, काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता, तो हळूच म्हणाला, "बाई, पाय दुखायला लागले. काय ते मिटवा." माझी चाल संपल्याशिवाय त्याला बसता येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं. मी वाजवेपर्यंत ती सगळी शे-दोनशे माणसं तिथे उभी राहणार होती, आणि मी वाजवणार नव्हतो. वीस वर्षांत पहिल्यांदा हात माझे मोकळे होते आणि गुंतले होते ते दुसरेच.

मग रोना पुढे आली. झग्याचा घोळ एका हातात गोळा करून तिने दुसरा हात पुढे केला. "आत्या, फोन द्या."

"अगं रोना, मी नंतर पुसून टाकणारच होते."

"आत्ता. आणि या दोघींचेही." आत्याच्या शेजारी उभ्या दोघी जणी फोन पाठीमागे लपवत होत्या, ते तिने बघितलं होतं. "माझ्या आजोबांची चाल चालू होती, आत्या. मी एवढी वर्षं वाट बघत होते."

तिथे बाईचा चेहरा पडला. तिने स्वतः फोटो काढून टाकला, रोनाला दाखवला, मला दाखवायला निघाली तेव्हा मी मान फिरवली. मग ती माझ्यापुढे उभी राहिली. "चुकलं माझं," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला आवडतं. तुम्ही हसलात ना, चर्चपाशी."

हसलो होतो हे खरं होतं. बाबाही हसायचे. त्यांना काय वाटायचं ते आता विचारायला ते नाहीत.

"झालं ते झालं," मी म्हणालो. "आता सगळे दाराशी चला."

"दाराशी कशाला?" टेलफर रडकुंडीला आला.

"चाल सुटली," टॉर्मड, नवरीचा बाप, मागून म्हणाला. "पहिल्यापासून घ्यावी लागते. आमच्या पोरीचं लग्न आहे, अर्धवट चालीवर नाही बसणार. चला मागे."

आणि गेले. नवरा, नवरी, दोन्हीकडचे आईबाप, सगळी वरात वळून दारापर्यंत मागे गेली. पाहुणे उभेच. मी पिशवी काखेत घेतली, फुंकणार, तेवढ्यात माझ्या आणि रोनाच्या मध्ये इशबेल येऊन उभी राहिली. हातात सूपच्या वाट्यांचा ट्रे.

"हे काय?" मी विचारलं.

"वाढायला तिकडेच जायचंय. तुझ्यामागून जाते."

"ते थंड झालं असेल ना?"

"हे दुसरं आणलंय," ती म्हणाली. "वाफ बघ."

रोना हसायला लागली, मग तिचा नवरा, मग पुढची दोन टेबलं. मी नळी दातांत धरली. दारापासून मुख्य टेबलापर्यंत मी ती चाल आजोबांना शोभेल अशी वाजवली, आणि त्या संपूर्ण वाटेवर दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांचे हात मला समोर दिसत होते. सगळे टाळ्या वाजवत होते. मिसेस पेटिग्रू सगळ्यात जोरात वाजवत होती, डोळे पुसायला मधूनच थांबत होती. चाल संपली. त्या म्हाताऱ्याने बूड टेकलं आणि मोठ्याने सुस्कारा सोडला.

घरी आल्यावर इशबेलने पेटीचं झाकण उघडून ठेवलेलं होतं. मी किल्ट काढला, झटकला, मिऱ्या हाताने बसवल्या. पेटीत बघितलं. मग दाराच्या खिळ्यावर लटकवला आणि झोपायला गेलो. सकाळी पेटी माळ्यावर परत गेलेली होती. ती कुणी नेली ते मी विचारलं नाही.

सोमवारी टेलफरचा फोन आला. तूप आणखी पातळ झालं होतं. "फार्कर, मी विचार केला. काही पाहुणे जरा बिथरलेत. आपल्याला पुन्हा असा प्रसंग नको. तर तुमचं ते विजारीचं म्हणणं मला मान्य आहे. चौकडीची विजार, हरकत नाही. शनिवारी विजार घालूनच या."

जूनमध्ये हेच ऐकायला मी त्याच्या टेबलासमोर टोपी हातात धरून उभा होतो.

"नाही," मी म्हणालो. "मी किल्ट घालून येणार."

"पण तुम्हीच तर—"

"पाहुण्यांना किल्टच हवा असतो, तूच म्हणाला होतास. दाराशी एक पाटी लाव, मोठ्या अक्षरांत. पाईपवाल्याला हात लावू नये. आणि कुणी विचारलं, लावला तर काय होतं, तर स्वयंपाकघराकडे बोट दाखव."

"शनिवारी कुठलं सूप आहे?" त्याने विचारलं.

मी फोन बाजूला धरून इशबेलला विचारलं. ती किल्टच्या मिऱ्यांवरून इस्त्री फिरवत होती.

"लीकचं," ती म्हणाली.